करपलेल्या झावळ्या इतक्यात कापू नका



राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला लागणारी राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते, हे कॅटेकिझमच्या वर्गातल्या मुलांना दर वर्षी नव्याने सांगावे लागते. झावळ्यांच्या रविवारी हातात घेतलेली झावळी घरी येते, वर्षभर क्रुसामागे खोचलेली राहते, वाळते आणि पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर तिची राख होते. हिरव्यापासून राखेपर्यंतचा हा प्रवास आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की उलटा प्रवासही असतो हे आपण विसरतो. थंडीने करपून तपकिरी झालेले झाड पुन्हा हिरवे होऊ शकते. मात्र त्यासाठी कोणीतरी कोयता बाजूला ठेवून थांबावे लागते. आज त्या थांबण्याविषयी लिहायचे आहे.

२०२१ साली राखेचा बुधवार १७ फेब्रुवारीला आला होता. नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेतले टेक्सस राज्य भयंकर थंडीच्या तडाख्यात सापडले. त्या थंडीची तिथल्या घरांना, विजेच्या व्यवस्थेला आणि झाडांना सवय नव्हती. १६ फेब्रुवारीला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. समुद्राजवळच्या, एरवी उबदार आणि दमट असणाऱ्या ह्यूस्टनमध्येही तो उणे १० च्या खाली गेला. ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. सरकारी मोजदादीनुसार २४६ माणसे दगावली. आपल्याकडच्या कितीतरी मराठी घरांतली मुले-सुना ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला आहेत. त्या आठवड्यात इकडे कोण कोण फोनजवळ बसून होते, हे वेगळे सांगायला नको.

माणसांच्या हानीपुढे झाडांची गोष्ट लहानच. तरी ती सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात आपल्यासाठी काही आहे. टेक्ससच्या दक्षिण भागात अंगणात, रस्त्याकडेला, चर्चच्या आवारात पामची झाडे खूप. थंडी ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांत ती एकामागून एक तपकिरी पडली. उंच फॅन पाम तर जळक्या झाडूसारखे दिसू लागले. लोक म्हणू लागले, "मेली ही, काढून टाका." झाडे तोडणारे दारोदार फिरतच होते. त्याच वेळी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाचे जाणकार सांगत होते, की घाई करू नका, उन्हाळा येऊ द्या. ज्यांनी ऐकले त्यांच्यापैकी काहींच्या अंगणात मे-जूनमध्ये त्या तपकिरी झुबक्याच्या मधोमध हिरवे टोक दिसले. सगळीकडे नाही. नाजूक क्वीन पाम मोठ्या संख्येने गेलेच. तिथल्या मातीतला मूळचा सॅबल पाम मात्र बहुतेक ठिकाणी टिकला. पण कुठले झाड गेले आणि कुठले राहिले, हे फेब्रुवारीत नुसत्या डोळ्यांनी कोणालाही सांगता आले नसते.

आपल्या माळव्यात उणे १० होत नाही. तरी डिसेंबर-जानेवारीत कडाका वाढला की शेतात दव गोठते आणि हरभरा, वाटाणा, बटाटा एका रात्रीत करपतो. इथे हिंदीत त्या गोठलेल्या दवाला 'पाला' म्हणतात. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. आपल्या इंदूरकर मराठी घरांत दोन्ही शब्द एकाच तोंडात नांदतात आणि "पाल्याने पाला नेला" असे सहज बोलले जाते. चर्चच्या आवारात, बंगल्यांच्या फाटकापाशी शोभेला लावलेल्या एरिका पामला अशी रात्र चांगलीच बाधते. झावळ्या पिवळ्या पडतात, मग टोकापासून तपकिरी होतात. पाठोपाठ उपवासकाळ येतो, पवित्र आठवडा जवळ येतो, आणि आवार स्वच्छ दिसावे म्हणून पहिला प्रश्न निघतो, "हे वाळकं काढायचं ना?"

माझे मत स्पष्ट आहे. काढायचे नाही, निदान आत्ता तरी नाही. त्याची कारणे सांगतो.

कडुलिंब, आंबा, चिंच यांसारखी झाडे वरून छाटली तरी बाजूने फुटतात. बुंध्यापासून तोडले तरी पावसात धुमारे येतात. ईयोबाच्या ग्रंथात चौदाव्या अध्यायात तोडलेल्या झाडालाही पाण्याच्या वासाने पुन्हा पालवी फुटण्याची आशा आहे, असा विचार येतो, तो अशाच झाडांना लागू पडतो. पामच्या झाडाचे तसे नाही. नारळ असो, शिंदी असो, की ह्यूस्टनचा फॅन पाम असो, एका खोडाला वाढीचा एकच शेंडा असतो. तो झावळ्यांच्या मधोमध, देठांच्या वेष्टनात खोल लपलेला असतो. नवी पाने तिथेच तयार होतात. शेंडा जिवंत असेल तर वरच्या सगळ्या झावळ्या जळूनही झाड वाचते. शेंडा मेला, तर झावळ्या हिरव्या दिसत असल्या तरी एका खोडाचे झाड वाचत नाही. एरिकासारख्या झुबक्याने वाढणाऱ्या पामला तेवढी सवलत आहे. त्याचे एक खोड गेले तरी बुडाशी दुसरे फुटू शकते.

दुसरी गोष्ट अशी, की पामच्या खोडाला झालेली जखम भरून येत नाही. आंब्याच्या खोडावर घाव घातला तर काही वर्षांत साल वळून तो बुजतो. पामला तशी साल नाही. घाव शेवटपर्यंत राहतो. म्हणून घाईत चालवलेल्या कोयत्याची चूक या झाडाला स्वतःहून दुरुस्त करता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्धी करपलेली झावळी निरुपयोगी नसते. तिचा जेवढा भाग हिरवा, तेवढा अजून सूर्यप्रकाशातून झाडासाठी अन्न करत असतो. देठ हिरवा असेल तर तोही थोडेफार काम करतो. जुन्या पानांतले पोटॅश झाड नव्या पानांकडे वळवते. शिवाय ती कुरूप झावळी शेंड्यावर पांघरुणासारखी असते, आणि कडाक्याची आणखी एखादी रात्र आली तर पहिला मार तीच खाते. आपल्या डोळ्यांना जो कचरा दिसतो, त्यावर झाड तग धरून असते. आवार नीटनेटके करायला निघालेला माणूस झाडाची शेवटची शिदोरीच उचलून नेतो.

मग करायचे काय? थोडेच, पण वेळेवर.

थंडीचा धोका टळेपर्यंत काहीही कापू नये. त्यानंतर फक्त पूर्ण वाळलेल्या झावळ्या काढाव्यात, ज्यांत हिरवे अजिबात उरलेले नाही अशा. मधले न उघडलेले, सुईसारखे उभे पान हलकेच ओढून पाहावे. घट्ट असेल तर चांगले लक्षण आहे. सहज हातात आले आणि बुडाशी कुजका वास आला, तर शेंड्यात कूज शिरली आहे. मात्र तेवढ्यानेही झाड गेले असे धरू नये. कुजलेला भाग साफ करावा, तिथे पाणी साचू देऊ नये आणि तांबेयुक्त बुरशीनाशक एकदा, गरज पडल्यास आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावे. कोकणात, गोव्यात नारळाच्या कोंबकुजीवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरतात, ते याच जातीचे औषध. पण तेही पुन्हापुन्हा ओतू नये. जास्त तांब्याने झाडालाच इजा होते.

खताची घाई नको. झाड वाढ थांबवून बसलेले असताना खत दिले तर त्याला ते घेता येत नाही. नवे पान हलू लागल्यावरच द्यावे, आणि तेव्हाही नुसता युरिया न टाकता पोटॅश आणि मॅग्नेशियम असलेले, हळूहळू सुटणारे खत द्यावे. पाणी माती ओलसर राहील इतकेच. रोज आळे भरून ठेवले तर मुळे कुजतात.

आणि एक साधी युक्ती. मधल्या सुईवर आणि तिला लागून असलेल्या देठावर मार्करने एक सरळ आडवी रेघ ओढावी. दोन-तीन आठवड्यांनी पाहावे. सुईवरची रेघ वर सरकली असेल तर आत जीव आहे, वरून काहीही दिसो. रोज ओढून बघायची गरज पडत नाही. पहिली पाने कदाचित वेडीवाकडी, टोकाशी जळालेली येतील. त्याने खचू नये. थंडी पडली तेव्हा ती पाने शेंड्याच्या आतच होती, त्यांनीही तो मार सोसला आहे. चांगली पाने त्यांच्यानंतर येतात.

लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. मालक तीन वर्षे फळ शोधतो आणि वैतागून झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. या दाखल्यावर बोलताना आपण बहुधा देवाच्या सहनशीलतेवर थांबतो. पण माळ्याचे बोलणे नीट पाहिले तर त्यात तीन गोष्टी आहेत. तो वेळ मागतो. त्या वेळात आपण स्वतः काय करणार, तेही सांगतो: भोवती खणीन, खत घालीन. आणि मुदत मान्य करतो. नाही फळ आले, तर तोडा. नुसते "राहू द्या हो" म्हणणारा हा माणूस नाही. तो स्वतःच्या अंगावर काम घेतो आणि शेवटाची तारीखही लपवत नाही. करपलेल्या पामसाठी तज्ज्ञ जे सांगतात तेही हेच: थांबा, राखा आणि उन्हाळा संपेपर्यंत नवे पान आले नाही तर मग ठरवा.

आता झाडांवरून माणसांकडे येतो, कारण हे लिहायचे खरे कारण तेच आहे.

करोनाच्या दोन वर्षांनंतर आपल्या बऱ्याच चर्चमधले काही बाक रिकामे राहिले. काही कुटुंबे परतलीच नाहीत. कोणाच्या घरात मृत्यू झाला, कोणाचे काम गेले, कोणाला त्या दिवसांत आपल्याकडे कोणी फिरकले नाही याचा राग आहे. काहींना तर कारण सांगता येत नाही, फक्त सवय तुटली. अशा वेळी कोणीतरी नोंदवही उघडते आणि म्हणते, "इतकी वर्षं वर्गणी नाही, मिस्साला नाहीत. ही नावं कमी करू या, यादी स्वच्छ होईल." हे बोलणारी माणसे वाईट नसतात. पवित्र आठवड्याआधी आवार झाडून घ्यावे तशीच त्यांची भावना असते. पण स्वच्छ यादी आणि जिवंत धर्मग्राम या दोन गोष्टी एक नाहीत. मला पहिलीपेक्षा दुसरीची काळजी जास्त आहे.

त्या कुटुंबांकडे जरा जवळ जाऊन पाहा. एक घर फक्त नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला येते. दुसऱ्या घरातली आई २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्ती लावते आणि कोणाशी न बोलता निघून जाते. एक तरुण वडिलांच्या मृत्यूनंतर दृढीकरणाच्या वर्गाला यायचा थांबला, पण फाटकाबाहेर मित्रांची वाट पाहत मोटरसायकलवर बसलेला असतो. आपण त्यांना "नाताळचे ख्रिस्ती" म्हणून हसतो. मला ती अर्धी हिरवी झावळी वाटते. त्या घराचे आणि चर्चचे एवढेच नाते उरले आहे, आणि त्यावरच आतला शेंडा तग धरून असेल. तेवढेही टोमण्याने छाटून टाकले तर मागे काय उरेल?

उलट दिशेने होणारा अतिरेकही तितकाच घातक आहे. कोणी बऱ्याच दिवसांनी मिस्साला दिसले, की आपण त्याच्यावर तुटून पडतो. इतके दिवस कुठे होता, पुढच्या रविवारी वाचन कर, तरुणांच्या गटाचे काम घे, तासभर उपदेश ऐक. वाढ थांबवून बसलेल्या झाडाच्या बुडाशी पोतेभर खत ओतण्याचाच हा प्रकार. त्याला आधी मागच्या बाकावर निवांत बसू द्यावे. हात मिळवावा, नाव घेऊन बोलावे, घरच्यांची खुशाली विचारावी. नवे पान हलू लागले की खत द्यायला वेळ आहेच. आणि ते पहिले पान वेडेवाकडे आले, म्हणजे त्याने परत येताच चार कडवट प्रश्न विचारले, तर घाबरू नये. थंडीत सोसलेले आधी बाहेर पडते.

रेघेची युक्ती इथेही उपयोगी आहे. प्रत्येक वाडीतल्या, कॉलनीतल्या दोन कुटुंबांनी अशी दोन-तीन घरे वाटून घ्यावीत. दर आठवड्याला दार ठोठावू नये. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, काही न मागता, वर्गणीचे पुस्तक न नेता जावे. वर्षअखेरीस पाहावे, रेघ हलली का? दार आधीपेक्षा थोडे जास्त उघडते का? चहा विचारला का? एवढीच नोंद पुरे.

आणि तरीही मुदतीची गोष्ट मी टाळणार नाही, कारण दाखल्यातल्या माळ्यानेही टाळली नाही. थंडीने काही पामच्या खोडाच्या आतल्या, पाणी वाहून नेणाऱ्या भागाला इजा होते. अशी झाडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला हिरवी दिसतात आणि ऊन वाढल्यावर, पाण्याची गरज वाढल्यावर कोसळतात, कधी वर्षभरानेही. मेलेले उंच खोड मुलांच्या खेळण्याच्या जागेवर किंवा रस्त्यावर झुकलेले असेल, तर ते उतरवलेच पाहिजे. तिथे धीर धरणे म्हणजे दुसऱ्याचा जीव पणाला लावणे. माणसांतही असे प्रसंग असतात. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला "धीर धर, प्रार्थना कर, सुधारेल" एवढेच सांगून घरी पाठवणे, ही ख्रिस्ती सहनशीलता नव्हे. जो धीर धरायचा तो ज्याने त्याने स्वतःच्या खर्चाने धरायचा असतो. माळ्याने घाम स्वतः गाळायचे कबूल केले होते. दुसऱ्याच्या जखमेवर आपण उदार होऊ शकत नाही. आधी तिला सुरक्षित जागी न्यावे, मग त्या माणसाच्या शेंड्यात जीव आहे का ते पाहावे.

शेवटी झावळ्यांच्या रविवारासाठी तीन विनंत्या. पहिली, आवारातल्या करपलेल्या एरिकाला पावसाळ्यापर्यंत हात लावू नये. पवित्र आठवड्यात ते कुरूप दिसले तरी चालेल. त्या आठवड्यात आपण ज्याच्याकडे पाहतो तोही देखणा नव्हता. दुसरी, मिरवणुकीसाठी शिंदीच्या, खजुरीच्या झावळ्या आणायला जाणाऱ्यांनी बाहेरच्या, जुन्या झावळ्या घ्याव्यात. क्रूस विणायला मऊ पडते म्हणून मधली कोवळी सुई उपटू नये. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात अशाच कोवळ्या पानांसाठी मेण-पामची झाडे वर्षानुवर्षे तोडली गेली आणि त्यांच्यावर घरटे करणारे पिवळ्या कानांचे पोपट जवळजवळ संपले. तो पाम १९८५ साली कायद्याने राष्ट्रीय वृक्ष झाला. पुढे तिथल्या चर्चनेच लोकांना दुसऱ्या झाडांची पाने हातात घ्यायला सांगितली. आणि तिसरी विनंती, नोंदवहीतून नावे कमी करण्याचा विषय यंदा बैठकीत आला, तर त्याआधी कोणते घर कोणी पाहायचे, एवढे ठरवून घ्यावे.

हे प्रभू, जे करपलेले दिसते त्यावर हात टाकण्याआधी आम्हाला क्षणभर थांबव. जिथे जीव आहे तिथे राखण करायचे बळ दे, आणि जिथे कोणाचा जीव धोक्यात आहे तिथे उशीर न करण्याचे शहाणपण दे. आमेन.